जपाचं कार्ड

धारूरला आत्याच्या घरी राहायला गेले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की फार शांतता असली तरी माणसाला झोप लागत नाही. आम्ही मेंढपाळ. पुस्तकांतल्या लोकांचे वाडे चिरेबंदी असतात. आमचा वाडा म्हणजे उघड्या रानात ताणलेली जाळी, जाळीच्या आत मेंढरं, बाहेर आम्ही, शेजारी बांधलेलं घोडं आणि दोन कुत्री. रानातलं गवत संपलं की सगळा वाडा घोड्याच्या पाठीवर चढायचा आणि दुसऱ्या कुणाच्या शेतात जाऊन बसायचा. अंधार पडल्यावरही तिथं काही ना काही चालूच असे. मेंढरं माणसासारखी खोकतात, कोकरं आईला हाका मारतात, घोडं मान हलवतं आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, झोपेतच 'हाड हाड' करतात. या आवाजांत मी वाढले. आणि आत्याच्या पत्र्याच्या खोलीत आवाज कसला, तर माठातलं पाणी झिरपून खालच्या ताटलीत पडायचं, तेवढाच.

आठवणी म्हातारपणी लिहाव्यात असं म्हणतात. माझं तेवढं वय झालेलं नाही, कानामागं थोडे केस पांढरे झालेत इतकंच. पण त्या खोलीत राहणारं माझ्याशिवाय आता कुणी उरलेलं नाही, म्हणून मीच लिहिते आहे. मला तिथं ठेवायचा निर्णय आप्पांचा. दिवाळी झाली की वाडा घाट उतरून खाली गोदावरीच्या अंगाला जायचा आणि मृगाच्या तोंडावर परत यायचा, मग शाळा कुठली? "ही एक तरी मेंढरामागून सुटू दे," असं ते आईला म्हणाले. आईनं माझं गाठोडं बांधलं. आप्पांची थोरली बहीण, सोजरआत्या, धारूरला किल्ल्याच्या अंगाला एकटीच राहायची. नवरा लवकर गेलेला, मूल नाही. बाजारातल्या एका खानावळीला ती भाकरी करून द्यायची. चुलीपुढं पीठ मळायची काटवट घेऊन बसली की टोपलं भरेपर्यंत उठायची नाही.

आत्या वाईट नव्हती. तिला बोलायची सवय राहिलेली नव्हती. सकाळी ती "उठ" म्हणायची, दुपारी "जेव", संध्याकाळी "दिवा लाव", की दिवसाचं बोलणं संपलं. हाताला मात्र चव होती. येसराची आमटी करायची, ती भाकरीवर ओतली की भाकरी तळापासून फुगून यायची. सीताफळांच्या दिवसांत पिकलेलं फळ न बोलता माझ्यापुढं सरकवायची आणि मी बिया कुठं टाकते त्याकडं लक्ष ठेवायची. शाळेत माझं नाव 'मेंढरी' पडलं होतं. माझ्या बाकावर तिसरी मुलगी बसायची नाही, अंगाला वास येतो म्हणून. वास कधीच गेला होता, नाव काही गेलं नाही. घरी येऊन हे कुणाला सांगावं तर आत्याचं तोंड चुलीकडं. त्या दिवसांत मला इतकं एकटं वाटायचं, की मी झिरपणाऱ्या माठाशी बोलायचे.

आप्पांकडं बॅटरीच्या उजेडाचा लहानसा फोन होता. शेतमालकाच्या घरी तो चार्ज झाला आणि रेंज सापडली की ते आत्याच्या फोनवर फोन करायचे. "मने, आता आमी माजलगावच्या अलीकडं हाय." मी लगेच विचारायचे, "म्हंजे किती किमी?" शाळेत नुकतंच ते शिकवलं होतं आणि रस्त्याच्या कडेच्या दगडांवर तोच शब्द लिहिलेला मी पाहिला होता. आप्पांना किमी कुठलं माहीत? त्यांचं माप दिवसांचं. "लई न्हाई गं माय, मेंढरं घेऊन चार-पाच मुक्काम." मग मी म्हणायचे, "मला न्यायला या." ते म्हणायचे, "बघू." प्रत्येक फोन असाच संपायचा. कुठल्या तरी बाजारच्या दिवशी आप्पा दारात उभे राहतील आणि मला परत वाड्यावर नेतील, यापलीकडं मला त्या वर्षी दुसरं काही नको होतं.

आत्याचा फोन रंगीत पडद्याचा होता, पुतण्यानं जुना झाला म्हणून दिलेला. त्यात कार्ड टाकलं की गाणी वाजतात हे तिला खानावळीत कळलं. बाजारात एक मोबाईलवाले होते, पूर्वी कॅसेटी विकायचे. दुकानावर पाटी होती, 'मेमरी कार्ड भरून मिळेल'. कुणी लावण्या भरून न्यायचं, कुणी लग्नाची गाणी. आत्यानं त्यांना सांगितलं, "जप भरून द्या." सकाळी चुलीपुढं बसल्यावर देवाचं नाव कानावर पडावं, एवढीच तिची इच्छा. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून ती देव्हाऱ्यापुढं बसली, मला बटण दाबायला लावलं आणि हात जोडून डोळे मिटले. आधी लाकडाच्या काठ्या एकमेकींवर आपटल्याचा टक टक टक टक आवाज आला आणि मग पत्र्यावर धोंडे पडावेत तसा ढोल. त्यावर गिटारी. त्यावर एका बाईचा चढा, गळा मोकळा सोडलेला आवाज. मी दचकले. आत्यानं डोळेही उघडले नाहीत.

"आधी वाजंत्री असती," ती म्हणाली. "व्हईल आता सुरू."

ते अख्खं गाणं ती हात जोडून, जप सुरू व्हायची वाट बघत बसून राहिली. दुसरं लागलं तेव्हा तिनं एक डोळा उघडला. "कोणच्या देवाचं नाव घ्यायल्यात गं ह्या?"

आम्ही दुकानात गेलो. मोबाईलवाल्यांनी संगणकावर बोट ठेवून दाखवलं. "जपच भरलाय की बाई. हे बघा, जे, ए, पी." मग त्यांनी ते वाजवलं, थोडं ऐकलं आणि मान खाजवली. "हे जपान दिसतंय. मी तीनच अक्षरं बघितली." तो फोल्डर त्यांच्याकडं कुठून आला ते त्यांनाही सांगता येईना. आता लाईट जायची वेळ झाली, संध्याकाळी या, बदलून देतो, असं ते म्हणाले. तेवढ्यात मी फोनच्या पडद्यावरचं नखाएवढं चित्र बघत होते. काळ्या कपड्यांतल्या चार मुली. तिघींच्या गळ्यात गिटारी आणि चौथी ढोलांच्या ढिगामागं बसलेली. आत्यानं मान वाकडी करून चित्र बघितलं.

"बाप्या कुठाय ह्यांच्यात?"

"न्हाई, आत्या. सगळ्या पोरीच हायत."

"आन ढोल कोण वाजवतंय?"

"ती बी पोरगीच."

आमच्यात ढोल पुरुषांचा. जत्रेत ते ढोलाच्या तालावर गजी नाच नाचतात तेव्हा बायका लांब उभ्या राहून बघतात, ढोलाला हात लावत नाहीत. आत्या त्या चौथ्या मुलीकडं बराच वेळ बघत राहिली. "आईबाप काय म्हणत आसतील," असं म्हणून तिनं फोन कनवटीला लावला. त्या संध्याकाळी ती दुकानात गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, चढ चढायचा कंटाळा आला असेल.

तेव्हापासून शाळेतून आले की आत्या फोन माझ्यापुढं ठेवायची आणि म्हणायची, "बस जपाला." ती हे थट्टेनं म्हणते की खरंच, ते तिच्या तोंडाकडं बघून कळत नसे. मी उंबऱ्यात बसून ऐकायचे. गाणी मोजकीच होती, त्यामुळं मी त्यांना नावं ठेवली. ज्याच्या सुरुवातीला काठ्या वाजायच्या ते पळायचं गाणं. एकात मधेच सगळं थांबायचं आणि चौघी मिळून ओरडायच्या, ते जत्रेचं. आणि एक हळू होतं. त्यात एकच गिटार आणि एकच आवाज, जणू बाकीच्या तिघी तिला टाकून कुठं गेल्यात आणि ती त्या येईपर्यंत गातेय. मग शेवटी ढोल यायचा, मग सगळ्या यायच्या. मी ते परत परत लावायचे, त्या येतात ते ऐकायला. गाणं कळत नव्हतं हेच बरं होतं. कळलं असतं तर ते त्यांच्या गावाचं, त्यांच्या माणसांचं निघालं असतं. न कळल्यामुळं ते सगळं माझंच होतं. शाळेत एकदा मी ते पुटपुटले तेव्हा पुढच्या बाकावरची मुलगी वळून म्हणाली, "ही मेंढपाळांची भाषा हाय का गं?" मी नाही म्हटलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी मला काही विचारलं होतं.

ऐकून ऐकून दोन शब्द माझ्या ओळखीचे झाले. एक 'नाई'. ओळीच्या शेवटी त्या सारखं 'नाई, नाई' म्हणायच्या, अगदी आमच्यासारखं, मान हलवून म्हणत असतील असं. आणि दुसरा, त्या हळू गाण्यातला, 'किमी'. तो शब्द आला की त्या मुलीचा आवाज जरा खाली यायचा. मला काही शंकाच उरली नाही. तिचीही माणसं लांब असणार. तीही दगड वाचत असणार. मी त्याला किमीचं गाणं म्हणू लागले.

उन्हाळा तोंडावर आला आणि वाडा तेलगावच्या अलीकडं, घाटाखाली येऊन बसला. बाजारच्या दिवशी आप्पा कोकरं घेऊन वर आले, ती विकली आणि दुपारी दारात उभे राहिले. मी दप्तर कोपऱ्यात टाकून गाठोडं काढलं, ते कधीचंच बांधून ठेवलेलं होतं. आप्पांनी गाठोड्याकडं बघितलं, आत्याकडं बघितलं. "अक्का, लई रडती ही फोनवर. न्हिऊ का दोन-चार महिने? साळंचं बघू पुढं." आत्या भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. "न्हे की. तुझी पोर हाय," ती म्हणाली. आप्पांना भाकरी वाढून झाल्यावर, आपली मुलगी इथं काय करते ते त्यांना दाखवावं म्हणून मी फोन आणला आणि किमीचं गाणं लावलं. आप्पा घास हातात धरून ऐकत राहिले.

"कळतंय का तुला काई?"

"दोन शबुद कळतेत. नाई, आन किमी."

"नाई तर आपलंच हाय," आप्पा म्हणाले. "आन किमी किती म्हणतेत?"

"आकडा न्हाई सांगत."

आप्पांनी मान हलवली, जणू हे त्यांना पटलं. निघताना आत्यानं फोनचं पाठचं झाकण काढलं, नखानं कार्ड ओढून काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "घेऊन जा तुझा जप. मला काय करायचाय." आणि ती परत काटवटीकडं वळली. मी पाया पडले की नाही ते आठवत नाही, पडले नसावे. एसटीत खिडकीची जागा मिळाली. घाटात प्रत्येक वळणावर दगड मागं जात होते आणि मी इतकी खूष होते की ते वाचलेही नाहीत.

आईनं मला जवळ घेतलं, कुत्र्यांनी अंग चाटून काढलं. त्या संध्याकाळचा आनंद मला अजून हाताला लागतो. पण झोपताना बघितलं तर आईच्या पलीकडची माझी जागा आता धाकट्या भावाची झाली होती, आणि तो झोपेत मला पायानं ढकलत होता. सकाळी सगळे मेंढरांमागं गेले. वाडा राखायला मी आणि नुकतीच जन्मलेली कोकरं. जिची इतके महिने वाट बघितली ती जागा हीच होती, जाळी तीच, घोडं तेच, आणि मी मात्र पाहुण्यासारखी बसले होते, कशाला हात लावू ते विचारत. मुठीत कार्ड होतं. आप्पांच्या फोनला कार्डाची खाचच नव्हती. किमीचं गाणं मनात म्हणायला गेले तर गिटार आठवायची, ढोल आठवायचा, पण त्या मुलीचा आवाज काही केल्या येईना.

संध्याकाळी आई तीन दगडांच्या चुलीपुढं भाकरीला बसली. मी शेजारी बसले आणि मला चुकल्यासारखं वाटू लागलं. आईची थाप सरळ होती, एकापाठोपाठ एक, सारखी. मी कशाची तरी वाट बघत होते, आणि ते येत नव्हतं. मग लक्षात आलं. आत्याची थाप अशी नव्हती. आत्या दोनदा हलकं थापायची, क्षणभर थांबायची आणि मग एक जोरात. दोन हलक्या, थांबा, एक जड. हा त्या हळू गाण्यातल्या शेवटच्या ढोलाचा ताल होता. मी पहिल्यांदा तिच्याकडं गेले तेव्हा तीही आईसारखीच सरळ थापायची. इतके महिने उंबऱ्यात मी जप ऐकत होते आणि माझ्या पाठीमागं, चुलीपुढं, माझ्याकडं न बघता, आत्या तोच ढोल वाजवत होती.

वाड्यापासून थोड्या अंतरावर धारूरच्या रस्त्याला किलोमीटरचा एक दगड होता. कुठल्या तरी ट्रॅक्टरनं त्यावरच्या आकड्याचा टवका उडवलेला. आप्पांच्या फोनला त्याच दगडापाशी रेंज यायची, म्हणून दिवस मावळताना ते त्याच्यावर जाऊन बसत. त्यांनी तिथून हाक मारली, "मने, अक्काचा फोन." मी पळत गेले. आत्यानं आपणहून फोन केल्याचं मला आठवत नव्हतं.

"जेवलीस का?"

"न्हाई अजून. पिठलं केलंय. तू?"

"भाकरी केल्यात की." फोन कट झाला असं वाटून मी पडदा बघितला. "वाकड्या झाल्या," ती म्हणाली. "खानावळवाला म्हणला, सोजरबाई, आज काय झालं तुमाला."

"कावून गं?"

"जप न्हाई तर हात चालंना झालाय."

ती 'ये' म्हणाली नाही. तिला ते आलंच नसतं. मी त्या दगडाला टेकून रडले, आणि या वेळी आप्पांना कळेना की आता कशासाठी. "आता हितं आलीस तरी रडायलीस," ते म्हणाले. मी म्हटलं, "आप्पा, मला सकाळी वर सोडा." त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि फोन खिशात घातला. "मग हितं फोन करून रडायचं न्हाई," एवढंच म्हणाले. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. लेक सुटावी म्हणून त्यांनीच मला पाठवलं होतं आणि त्या संध्याकाळी मी खरीच सुटले.

आत्यानं दार उघडलं, गाठोडं घेतलं आणि फोनचं झाकण काढून पुढं धरलं. मी कार्ड बसवलं. ती काटवटीकडं वळली तेव्हा मी विचारलं, "आत्या, दुकानदार फुकट बदलून देणार व्हता. तू तुझा जप कावून भरून आणला न्हाईस?"

"आन मग तुझ्यासंगं बोलाय कोण व्हतं घरात?" पिठात पाणी घालत ती म्हणाली. "मला येतंय का बोलाय?"

पुढं मी शिकले, नर्स झाले, बीडला आले. आप्पा गेले, मग मेंढरं विकली. आत्या मागच्या थंडीत गेली. फोन कधीच बंद पडला होता; कार्ड माझ्याकडं आहे, तिच्या कुंकवाच्या डबीत. आत्ता हे सगळं वर येण्याचं कारण आमच्या दवाखान्यातली सुवर्णा. म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला हल्ली जपानला मुली लागतात म्हणे. तिला जायचंय, म्हणून ती ड्युटीच्या मधल्या वेळेत मोबाईलवर शिकते आणि मोठ्यानं घोकते. परवा मी चहा घेत होते आणि ती म्हणाली, "नाई म्हणजे नाही, बघा ताई, किती सोपंय." मला हसू आलं, तो शब्द मी बरोबर ओळखला होता. मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि किमी गं?"

"किमी म्हणजे तू," ती म्हणाली. "पण पेशंटला नाही म्हणायचं. अगदी जवळच्या माणसालाच म्हणतात."

चहा निवला. रविवारी मी एसटीनं धारूरला गेले, आत्याची खोली बघायला. तेलगाव सोडल्यावर तो दगड अजून आहे. आकड्याच्या जागी टवका तसाच, वर 'धारूर' आणि खाली 'किमी', रंग गेलेला पण वाचता येतो. लहानपणी मी अशा दगडांवर सारखा आकडाच शोधत होते. आता गाडी पुढं सरकेपर्यंत मी तो खिडकीतून नीट वाचला. धारूर, आणि खाली तू. आत्या होती तोवर मला हे वाचता यायला हवं होतं.